आधी दुरुस्ती की आधी दोष कोणाचा ते? एकच घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

दोन किल्ल्या

माझं भाड्याने दिलेलं एकच घर आहे. मागच्या वर्षी भाडेकरूंचा निरोप आला, की न्हाणीघराला लागून असलेल्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. फोटो पाहून मी लगेच कळवून टाकलं, "तुम्ही कपडे आत वाळवता, खिडक्या बंद ठेवता, त्याची ओल आहे." ते म्हणाले, भिंतीतला पाइप गळतोय. पुढचे दोन महिने आम्ही निरोपानिरोपी करत भांडत बसलो. मी एकदाही जाऊन भिंतीला हात लावून पाहिला नाही.

शेवटी एका गवंड्याने सुचवलं ते केलं. भिंत पुसून, पंखा लावून वरवर कोरडी केली, त्यावर हातभर प्लास्टिकचा कागद ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि एक दिवस तसाच राहू दिला. खोलीतल्या हवेतला दमटपणा असता तर थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगाला धरले असते. ते धरले होते आतून, भिंतीकडच्या बाजूला. टाइल फोडली तर शॉवरकडे जाणाऱ्या पाइपचा कोपऱ्यातला जोड पाझरत होता.

जोड बदलायला अर्धा दिवस लागला. पण तोवर गिलावा पोकळ झाला होता, बोट दाबलं की वाळू गळत होती. त्यांच्या लाकडी कपाटाची पाठ फुगली होती. आणि त्यांच्या मुलीचं अंथरूण त्याच भिंतीलगत असायचं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. ते अजून टोचतं.

म्हणून माझं मत असं झालंय: पाण्याची गळती, वीज, गॅस, सांडपाणी आणि बाहेरच्या दाराचं कुलूप, यांत मालकाने आधी दुरुस्ती करावी. चूक कोणाची हा हिशेब नंतर. तुम्हाला काय वाटतं?

जुना जिना

अजिबात सहमत नाही. तुमच्या बाबतीत दोष पाइपचा निघाला म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय. माझं ऐका.

माझ्याकडे एका वर्षात तीनदा संडास तुंबला. पहिल्या दोन वेळा मी तुमच्यासारखाच वागलो. फोन आला, प्लंबर पाठवला, पैसे दिले, काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा स्वतः जाऊन उभा राहिलो. तारेला गुंडाळून वेट वाइप्सचा बोचका बाहेर आला. कागदासारख्या दिसल्या तरी त्या पाण्यात विरघळत नाहीत, पाइपच्या वळणात अडकून बसतात. भाडेकरू शांतपणे म्हणाले, "आधी दोनदा तुम्हीच केलं होतंत ना?"

दोष ठरवणं पुढे ढकललं की तो कधीच ठरत नाही. घर सोडताना अनामत रकमेतून कापायला गेलं की ऐकावं लागतं, तेव्हा का नाही बोललात? घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला एक महिन्याचं भाडं दुरुस्तीत गेलं तरी घरखर्च कोलमडतो. मोठ्या कंपनीकडे शंभर घरं असतात, तिला एका घराचा तोटा जाणवत नाही. आपल्याला जाणवतो.

भाड्याचं घर

भाडेकरू म्हणून लिहिते. बारा वर्षांत पाचवं घर आहे.

आधीच्या एका घरात ओट्याखालचा पाइप ठिबकत होता. मी चार महिने सांगितलंच नाही, खाली पातेलं ठेवायचे. त्याआधी नळ बदलायला सांगितलं तेव्हा मालक म्हणाले होते, "आधीच्यांच्या वेळी असं कधी झालं नाही." एवढंच बोलले, पण त्यानंतर काही सांगायची भीती बसली. अनामत रक्कम त्यांच्या हातात, करार वाढवायचा तेही त्यांच्याच हातात. खालचा लाकडी तळ कुजला, आणि त्याचे पैसे माझ्याकडून कापले गेले.

जिनाकाका, पहिल्याच फोनला तुम्ही चौकशी लावलीत तर भाडेकरू चांगला होत नाही, गप्प होतो. गप्प भाडेकरूच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला घर रिकामं झाल्यावरच दिसतं.

पान्हा

वीस वर्षं प्लंबरचं काम करतोय. दोन्ही बाजूंचं भांडण माझ्यासमोर चालतं, म्हणून दोन शब्द.

बऱ्याचदा दोष काय ते काम करतानाच दिसतं. त्याच वेळी मला विचारा आणि बिलावरच लिहून घ्या: "जोड झिजून गळत होता" किंवा "नळीत कापड सापडलं". काढलेल्या वस्तूचा फोटो घ्या. सहा महिन्यांनी फोन करून विचारलंत तर मला ते घरसुद्धा आठवणार नाही.

पाण्याचं बिल अचानक वाढलं तर भांडायच्या आधी घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहा. अर्ध्या तासाने आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. संडासाच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा खालचा रबर गेलाय. स्वस्तातली वस्तू असते, पण तिच्यापायी दिवसरात्र पाणी वाया जातं.

आणि ओल आठवडाभर बघू म्हणून सोडू नका. भिजलेली जागा एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते. नुसती पुसून वर रंग दिला तर ती परत येते.

उंबरठा

एक गोष्ट कोणी बोललं नाही: भाडं अडवणं. मी मालक आहे, आणि दुरुस्ती लांबली म्हणून माझ्या भाडेकरूंनी दोन महिने भाडं थांबवलं. मग मी हट्टाला पेटून दुरुस्ती थांबवली. दोघंही चुकलो. भाडं आणि दुरुस्ती एकमेकांत अडकवली की दोन्ही बंद पडतात. बऱ्याच ठिकाणी कायद्याने सांगितलेल्या वाटेने न जाता भाडं अडवलं तर घर खाली करून घ्यायला मालकाला कारण मिळतं. आणि मालकाने चिडून पाणी-वीज तोडली तर तो गुन्हासुद्धा ठरू शकतो. आपल्याकडचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या, रागाच्या भरात काही करू नका.

भाड्याचं घर

उंबरठा, तुमचं पटतं. पण मग भाडेकरूने करायचं काय? चार निरोपांना उत्तर न देणारा मालक भाडं थांबल्यावर मात्र त्याच संध्याकाळी फोन करतो. हे मी दोनदा पाहिलंय.

दोन किल्ल्या

जिना, तुमचा मुद्दा माझ्या लिहिण्यात राहून गेला होता, तो मान्य. हिशेब "नंतर" म्हणजे घर सोडताना नव्हे. त्याच आठवड्यात, प्लंबरने लिहून दिलेला कागद दोघांसमोर ठेवून व्हायला हवा. तुमच्या पहिल्या तुंबण्याच्या वेळीच तो कागद असता तर तिसरी वेळ आली नसती.

आता घर देताना मी भाडेकरूंसोबत खोलीखोलीतून फिरतो, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, ओट्याखालचा तारखेसह फोटो काढतो आणि त्यांनाही पाठवतो. निरोप आला की त्याच दिवशी उत्तर देतो, निदान कधी येतो एवढं तरी. जायच्या आदल्या दिवशी वेळ विचारतो, किल्ली आहे म्हणून न सांगता जात नाही.

झिजेचे पैसेही कापत नाही. सहा वर्षं टिकणारा रंग पाच वर्षांनी एखाद्याने खराब केला, तर त्याच्याकडून फार तर सहावा हिस्सा घ्यायचा. पूर्ण खोलीचा नवा रंग त्याच्या पैशाने मारून घेणं ही लूट आहे.

जुना जिना

कागद लिहून घेण्याचं पटलं, उद्यापासून करतो. वेळेवर उत्तर देण्याचंही पटलं. पण बल्ब, नळाचा वॉशर, जाळीत अडकलेले केस, हे भाडेकरूनेच पाहावं आणि करारात तसं स्पष्ट असावं. त्यावरून मी हलणार नाही. रोज नळ वापरतात ते.

भाड्याचं घर

केस आणि बल्ब मान्य, ते मी करतेच. वॉशर नाही. मी आले तेव्हा तो नळ किती वर्षांचा होता, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?