मराठी शाळा: मुलांना पुरातत्त्व शिकवायचंय, साहित्य सुचवा

प्रेषक: शाळेच्या ताई

नमस्कार मंडळी,

यंदा मराठी शाळेच्या मोठ्या गटासाठी (वय ९ ते १३) तीन रविवार वारशाला द्यायचं ठरलंय. किल्ल्यांची चित्रं आणि पोवाडा दरवर्षी होतोच. या वेळी जुनं गाव जमिनीखाली सापडतं कसं, हे मुलांनी हातानं करून बघावं असं वाटतं.

आपल्यात सातारा-सांगलीकडची घरं बरीच आहेत. डिसेंबरात जे भारतात गावी जाताहेत त्यांनी येताना एखादं शिवराई नाणं, जुनं खापर, पोथीचं एखादं पान असं काही आणाल का? मुलांना हातात धरायला मिळेल. शिवाय मराठीतून वाचायला काय आहे तेही कळवा.

प्रेषक: नाना (मुक्काम सातारा)

ताई, नमस्कार.

लेकीकडे सहा महिने राहून गेलो तेव्हापासून तुमच्या मेल वाचतो. आज पहिल्यांदाच लिहितोय, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला.

आधी एक कळकळीची विनंती. शिवराई आणि पोथीचं पान, दोन्ही आणायला सांगू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कोरीव दगड खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तरच वर्षं. विमानतळावर कोणी अडवलं नाही तरी मुलांसमोर पहिलाच धडा चुकीचा जाईल.

खापराबद्दल माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सातवीच्या मुलांना एका गावाबाहेरच्या टेकाडावर नेलं होतं. आपल्याकडे काळी आणि पांढरी म्हणतात ना, काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती एकावर एक साचून माती पांढुरकी होते. उत्खनन करणारे लोक हीच पांढर शोधत गावोगाव फिरतात. तर त्या टेकाडावर मी मुलांना सांगितलं, सापडेल ते गोळा करा. चाळीस मुलं, प्रत्येकाचे खिसे भरलेले. दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर हा ढीग. काळ्या-तांबड्या झिलईची खापरं, बांगड्यांच्या काचा, एक मणी. कुठलं कुठे मिळालं, कशाशेजारी होतं, वर होतं की खाली, एकालाही सांगता येईना. मलाही येईना. त्या टेबलावर जे होतं ते एका दिवसापूर्वी पुरावा होता आणि माझ्या एका वाक्यानं त्याची नुसती माती झाली. ते आजही डाचतं.

म्हणून म्हणतो, वस्तू नको, तिची जागा मुलांना दाखवा.

आता साहित्य. अमेरिकेतल्या आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूटचे शिक्षकांसाठी पाठ आहेत, त्यात बुटांच्या खोक्यातलं उत्खनन आहे. ते आपलं करून घ्या. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या मंडळाच्या कपाटात असतील. खोक्यात तळाला काळी माती, मध्ये राख मिसळलेली फिकट माती, वर बागेतली माती. मधल्या थरात पणत्यांचे तुकडे टाका. एकाच पणतीचे दोन तुकडे मात्र दोन वेगळ्या खोक्यांत. दोन गटांनी शेवटी आपापले तुकडे जुळवले आणि काठ काठाला बसला, की दोन्ही थर एका काळातले हे मुलं आपणहून बोलतील. वर दोऱ्यानं चौकोन आखा. नियम एकच: कागदावर चौकोन, थर, खोली आणि चित्र आल्याशिवाय काहीही उचलायचं नाही. बारीक ब्रश आणि चमचा पुरतो.

मराठीत वाचायला विश्वकोश. त्याचं कार्यालय आमच्या वाईलाच आहे. संकेतस्थळावर पुरातत्त्वाचं स्वतंत्र ज्ञानमंडळ, म्हणजे त्या विषयाचा विभाग, आहे, नोंदी छोट्या आणि नेमक्या. इनामगावची (पुणे जिल्ह्यातली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती) नोंद वर्गात नक्की वाचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे बरीच वर्षं खोदकाम केलं. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत, हे तिथे दिसलं. तेरा वर्षांची मुलं हे गंभीरपणे ऐकतात, घाबरत नाहीत. मी शिकवलंय.

दुसरं, साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. इंग्रजीत आहे, म्हणजे तुमच्या मुलांना सोपंच. प्रत्येकानं आपल्या आजोळचं गाव त्यात शोधायचं.

– नाना

प्रेषक: मिरजेचा दादा

नाना, तुमची मेल मुलीला वाचून दाखवली. तिनं विचारलं, खोल सापडलेलं नेहमी जास्त जुनं असतं का? मला हरिपूरची पेवं आठवली. सांगलीजवळ हळद साठवायला जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. २००५ च्या महापुरात बरीच गेली. आज कोणी अशा पेवात मोबाईल टाकला तर तो शेजारच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मातीपेक्षा खोल सापडेल! खोक्यात असं एक पेव करता येईल का?

दुसरं, साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली होती. ती शिवाजी महाराजांचीच का, यावर मुलं भांडतात. काय सांगावं?

प्रेषक: नाना

दादा, पेवाची कल्पना फार मोलाची. कागदाची नळी उभी धरून वरच्या थरापासून तळापर्यंत खड्डा करा, आत हळद मिसळलेली माती आणि या वर्षीचं एक नाणं. मग नळी अलगद काढा. पिवळा पट्टा दिसला की हा नंतर खणलेला खड्डा, हे ओळखून मुलांनी थांबलं पाहिजे. जो थांबला तो शिकला.

वाघनखांबद्दल मुलांना भावना विचारू नका, साखळी विचारा. ती जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून. तिथे कशी पोचली? ग्रँट डफच्या वंशजांकडून. तो १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचा प्रतिनिधी होता. वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय की पेशव्यांच्या प्रधानानं त्याला दिली. आणि १६५९ ते १८१८ मध्ये? तिथे कडी मिळत नाही, आणि प्रतापगडावर वापरलेली तीच ही, असं ठामपणे सांगता येत नाही हे ते संग्रहालयही मान्य करतं. महाराज त्यानं कमी होत नाहीत. मी शिवभक्त आहे आणि मुलांना हे सांगताना मला कधी अवघड वाटलं नाही. तिथे शंका घ्यायला शिकलेलं मूल उद्या कोणी खोटं नाणं पुढे केलं तरी फसणार नाही.

याच जोडीला वाईजवळच्या मेणवलीची घंटा ठेवा. वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, कृष्णेच्या घाटावरच्या देवळात. मरियम आणि बाळ येशू स्पष्ट दिसतात. वस्तू कुठून कुठे जाते, हे दोन्ही बाजूंनी कळू दे.

प्रेषक: शाळेच्या ताई

नाना, शिवराईची विनंती मागे घेते. जाणाऱ्यांनी वस्तूऐवजी फोटो आणि मोजमाप आणावं. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर कोणाच्या वाटेवर आहे का? आणि वाई तालुक्यातल्या किकलीचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड?

प्रेषक: मिरजेचा दादा

दोन्हीकडे मी जातो. काय काय टिपू?

प्रेषक: नाना

लिंबला वरून आकार पाहा, शिवपिंडीसारखा. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधल्याचा लेख आत आहे, त्याचा सरळ समोरून फोटो घ्या. मग वर जाऊन मोटांच्या जागा मोजा. दगड कुठे घासलाय, थारोळं (मोटेचं पाणी ओतायची जागा) कुठे, बैलांची धाव (मोट ओढताना चालायची उतरती वाट) कुठल्या बाजूला उतरत असेल, हे सगळं कागदावर आखा. मुलांना बारा आकडा सांगू नका, तुमच्या आराखड्यावरून त्यांनाच मोजू द्या.

किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळ ओळीनं आहेत. प्रत्येक दगड खालून वर वाचायचा. तळाला लढाई, गायी कोरल्या असतील तर गुरं राखताना मेलेला वीर. मध्ये अप्सरा त्याला नेताहेत, वर शिवपिंडीपुढे तो बसलाय, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात दिसला तर ती सतीशिळा, ती वेगळी नोंदवा.

दगडाशेजारी दहा सेंटिमीटरची पट्टी धरा, उत्तर दिशेचा बाण ठेवा. खडू फिरवू नका, तेल-पाणी लावू नका. सकाळी आठच्या आधी पोचा. ऊन तिरकं असतं तेवढ्या वेळातच झिजलेली घोड्यांची पावलं उठून दिसतात. परत जाताना साताऱ्यात घरी या, पट्टी आणि बाण माझ्याकडे आहेत, ते घेऊन जा.