मदत हवी आहे: बांडगुळाची फळं खाणारा हा फुलटोच्या नेमका कोणता?

नमस्कार मंडळी,

समोरच्या झाडावर बांडगूळ माजलंय. त्याची फळं पिकायला लागल्यापासून एक इवलासा पक्षी तिथे सारखा येतोय. चिमणीपेक्षा बराच लहान, आखूड शेपटीचा. पाठ राखाडी-हिरवट, पोट मळकट पांढरं, नजरेत भरावा असा एकही रंग नाही. क्षणभर स्वस्थ बसत नाही, त्यामुळे फोटो सगळे हललेले. 'चिक् चिक् चिक्' मात्र अखंड चालू.

शिंजीरची मादी नाही. तिची चोच लांब, बाकदार असते आणि पोट पिवळं. चष्मेवालाही नाही, डोळ्याभोवती पांढरं कडं दिसत नाही. म्हणजे फुलटोच्या, इथवर मी आलेय. अडलंय ते पुढे: टिकेलचा की जाड चोचीचा? चोचीच्या रंगावरून ठरवावं म्हणतात, पण पक्षी उंचावर आणि मागून ऊन, त्यात तीच चोच कधी गुलाबीसर दिसते, कधी करडी.

म्हणून मग खाणं बघत बसले. फळ तो गिळत नाही. चोचीत धरून गोल फिरवतो, साल सुटते, गर खातो आणि मग चोच फांदीवर घासतो, एकदा या बाजूने, एकदा त्या. बी तिथेच चिकटतं. दुर्बिणीतून त्या चिकाची बारीक तारसुद्धा दिसली! हे सगळं चालू असताना शेपटी डावीउजवीकडे हलवत असतो.

एवढ्यावरून ओळख पक्की म्हणता येईल का? की आणखी काही बघायला हवं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, निरीक्षण फार छान आहे. माझं मत जाड चोचीचा फुलटोच्या. टिकेलचा जेमतेम ८ सेंमीचा, तो बहुतेकदा अख्खं फळ गिळतो आणि बी विष्ठेतून फांदीवर चिकटवतो. चोचीने गर काढून बी पुसून टाकणं आणि शेपटी आडवी हलवणं, दोन्ही जाड चोचीच्याच सवयी.

तरी खाण्याच्या पद्धतीत थोडंफार इकडेतिकडे होतं, म्हणून छाती बघा. जाड चोचीच्या छातीवर पुसट उभ्या रेघा असतात, टिकेलची छाती कोरी. जवळून दिसलाच तर डोळा नारिंगी-लाल आहे का तेही पाहा. चोचीचा रंग सोडा, बाजूने जाडी बघा. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी येईल अशा जागी उभ्या राहिलात तर रेघा दिसतील. दिसल्या की इथे नक्की कळवा.