अनुभव धागा: कोरोनाच्या बातम्या आणि आपल्या आळीतली भीती

मार्च 2020 आठवा. कहर, थैमान, विळखा, लाल पट्टी आणि मागे ते ढॅण ढॅण म्युझिक. हे बघून तुमच्या गावात, सोसायटीत लोक एकमेकांशी कसे वागले ते लिहा. पक्षांची भांडणं नकोत प्लीज, डोळ्यासमोर घडलेलं सांगा.

*

आमचं गाव सिंधुदुर्गात. 'मुंबईकरांमुळे कोरोनाचा शिरकाव' असं टीव्हीवर सुरू झालं आणि ज्यांची वर्षभर वाट बघायची ते चाकरमानी एकदम नकोसे झाले. काका मे महिन्यात पास काढून आला, शाळेत क्वारंटाइन झाला, हातावर शिक्का वगैरे, तरी घरी आल्यावर त्याची पेज पडवीतच आणि विहिरीवर आमची कळशी दिसली की शेजारी आपली उचलून मागे सरायचे. काका एवढंच म्हणाला, गणपतीची वर्गणी मागताना ह्यो शिरकाव आठवचो नाय तुमका.

*

अब्बांची भाजीची गाडी, सोलापुरात. दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मरकजच्या बातम्या लागल्या आणि नेहमीच्या बायका गेटवरूनच 'आज नको' म्हणायला लागल्या, मग वॉचमन म्हणे आधार कार्ड दाखवा. 'कोरोना जिहाद' हॅशटॅग फोनवर फिरत होताच, वर रोज पेशंट इतके, 'त्यातले मरकजचे इतके'. बाकी कुठल्या गर्दीचा असा वेगळा आकडा मी तरी पाहिला नाही. 21 ऑगस्ट 2020 ला औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे एफआयआर रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं, मीडियाने अपप्रचार केला असं निकालात म्हटलं. ती बातमी त्या गेटपर्यंत काही पोचली नाही.

*

पोल्ट्री आहे आमची. 'चिकन खाल्ल्याने कोरोना?' यातलं ते प्रश्नचिन्ह बघा, विचारलंय फक्त, सांगितलं कुठंय! खाद्याचा खर्च निघेना, लोकांनी पक्षी फुकट वाटले.

*

मी आशा सेविका, मराठवाड्यातली. 'गावात पहिला रुग्ण सापडला'. सापडला म्हणे, चोर सापडतो तसा! एका यूट्यूबवाल्याने नाव न सांगता घराचा पत्रा, दारातली मोटरसायकल, सगळं दाखवलं. त्यानंतर सर्व्हेला गेलं की आमची ताप मोजायची गन बघून लोक मागच्या दाराने शेतात. एक म्हातारी अंगात ताप असून चुलीपुढे जाऊन बसली, म्हणे धग लागली म्हणून अंग गरम. फोन लावला की 'बीमारी से लड़ना है, बीमार से नहीं' वाजायचं पण ते ऐकतंय कोण. मला तर दारात पहिलं हेच सांगावं लागायचं की मावशी, तुमचं नाव पेपरात येणार नाही, मग ऑक्सिमीटर.

*

तेव्हा न्यूज डेस्कवर होतो. 'कोरोना संशयित' प्रेसनोटमध्येच असायचं पण शेजारच्या कॉलमात 'संशयित आरोपी', वाचणारा काय समजणार? आणि एकूण बाधित हा आकडा रोज वाढणारच, बरे झालेले त्यातून वजा होत नाहीत, तोच लाल अक्षरात मोठा. सध्या उपचार घेणारे किती, घरी गेले किती, ते खाली बारीक. खोटं काहीच नाही हां यात.

*

मला जरा उलटं वाटतं. एवढा धाक घातला नसता तर आमच्या चाळीतले पत्त्यांचे डाव बंदच झाले नसते. पण 22 मार्चला थाळ्या वाजवणाऱ्यांनीच नंतर वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना नळावर सगळ्यात शेवटी पाणी भरायला लावलं, तेवढं मात्र अतीच झालं.