विषय: रामस्टाइनच्या तळावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसा गाठायचा?

नमस्कार मंडळी,
जर्मनीत रामस्टाइनला अमेरिकन हवाई दलात असलेल्या एकांच्या पत्नीसाठी विचारते आहे. झोप उडाली आहे, सारखी धास्ती वाटते. ट्रायकेअर (अमेरिकन लष्कराची आरोग्य योजना) प्राइम ओव्हरसीज आहे. आधी कुठे जावं? मराठी बोलणारं कुणी मिळेल?
– हायडेलबर्गहून

ताई, नमस्कार.
सुरुवात त्यांच्या नेमून दिलेल्या डॉक्टरपासून, म्हणजे पीसीएमपासून. नुसतं ‘झोप येत नाही’ म्हटलं तर गोळ्यांवर बोळवण होऊ शकते. त्रास कधीपासून, आठवड्यातल्या किती रात्री, दिवसाची कोणती कामं अडतात, हे कागदावर लिहून न्यावं आणि ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून निदान हवं’ असं स्पष्ट सांगावं.

लष्करी दवाखान्यात गणवेशातल्यांना आधी वेळ मिळते, त्यामुळे कुटुंबीयांना गावातल्या जर्मन दवाखान्यात पाठवलं जाऊ शकतं. गाडं अडतं ते इथे. जाण्याआधी ट्रायकेअरचं परदेशातलं काम पाहणाऱ्या इंटरनॅशनल एसओएस कंपनीच्या कॉल सेंटरला विचारून मंजुरी लेखीच घ्या. ती लागत असताना घेतली नाही, तर डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) आणि वर निम्मा खर्च अंगावर पडतो. (ट्रायकेअरच्याच सिलेक्ट योजनेत बहुधा आधी स्वतः पैसे भरायचे. मग परताव्यासाठी डीडी 2642 फॉर्म, बिल आणि पैसे भरल्याची पावती. मुदत 3 वर्षं.)

दारावरची पाटी नीट वाचा. ‘प्स्युखोलोगिशर प्स्युखोतेरापॉइट’ म्हणजे सरकारी परवाना असलेला. ‘हाइलप्राक्टिकर’ (पर्यायी उपचार करणारा) म्हणजे तो नव्हे. औषधं मात्र सायकॉलॉजिस्ट सहसा लिहून देत नाही. त्यासाठी पीसीएम किंवा सायकियाट्रिस्ट.

वेळ मिळेपर्यंत मिलिटरी वनसोर्सचं (लष्करी कुटुंबांसाठीची अमेरिकन सरकारी मदतसेवा) समुपदेशन घ्यावं: मोफत, एका प्रश्नासाठी 12 पर्यंत बैठका. तिथे निदान होत नाही, चाचण्याही नाहीत. तेवढ्यावर थांबू नये.

मराठीसाठी पुण्या-मुंबईचे सायकॉलॉजिस्ट व्हिडिओवर भेटतील. त्यांची आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी तपासा, आणि ट्रायकेअर पैसे देईल असं धरून चालू नका. दुभाषी लागला तर अपॉइंटमेंट घेतानाच मागा. नवऱ्याला किंवा मुलांना त्या खुर्चीत कृपया बसवू नका. बाईंना जे सांगायचं असतं तेच नेमकं मनात राहतं.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर यातलं काहीही न करता सरळ 112, नाहीतर लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. मंजुरी नंतर.
– कायझर्सलाउटर्नहून

मनापासून आभार. त्यांना एकच भीती आहे: याने नवऱ्याच्या सुरक्षा परवान्याला (गोपनीय कामासाठीचा, सिक्युरिटी क्लिअरन्स) धक्का लागेल का?
– हायडेलबर्गहून

त्यासाठी उपचार टाळू नयेत. परवान्याच्या एसएफ 86 अर्जातलं कलम 21 अर्जदाराच्या स्वतःच्या मानसिक आरोग्याबद्दल विचारतं, पत्नीच्या उपचारांबद्दल नाही. हे त्यांना आजच कळवा, म्हणजे उद्या सकाळी पीसीएमला फोन करतील.
– कायझर्सलाउटर्नहून