ओके आधी की कॅन्सल? क्रम प्लॅटफॉर्मचाच हवा

खिडकीकाठ (धागाकर्ता)
आमच्या टीमनं नव्या आवृत्तीत प्रत्येक डायलॉगमधलं (प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीतलं) मुख्य बटण उजव्या टोकाला न्यायचं ठरवलंय, विंडोजवरसुद्धा. 'सगळीकडे एकसारखं दिसेल' हे कारण. माझा याला ठाम विरोध आहे. विंडोजवर ओके आधी, कॅन्सल नंतर. मॅकवर उलट. लिनक्सवरच्या डेस्कटॉपांपैकी ग्नोम मॅकसारखं, केडीई विंडोजसारखं. यात श्रेष्ठ कोण यावर कितीही वाद घाला, पण वापरणाऱ्याच्या हाताला वळण लावलेलं असतं ते बाकीच्या सॉफ्टवेअरनं. आपल्या एका अ‍ॅपनं ते मोडत नाही.

फाइल बंद करतानाचा डायलॉग घ्या. विंडोजवर डावीकडून सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. मॅकच्या जुन्या आडव्या मांडणीत डोन्ट सेव्ह डाव्या टोकाला, मग मोकळी जागा, मग कॅन्सल आणि सेव्ह. ही मांडणी जशीच्या तशी विंडोजवर आणली की सवयीनं डावीकडच्या पहिल्या बटणावर क्लिक करणाऱ्याचं काम गेलंच म्हणून समजा. म्हणजे एकसारखेपणा आपल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसणार आणि त्याची किंमत तो मोजणार.

पुढचेपाऊल
मला हे पटत नाही. डावीकडून उजवीकडे वाचणारा माणूस शेवटी उजव्या टोकालाच पोचतो, निर्णयाचं बटण तिथंच शोभतं. आणि सवयी बदलतात हो! अँड्रॉइडमध्ये होकाराचं बटण आधी डावीकडे होतं, २०११ मध्ये ४.० आवृत्तीत ते उजवीकडे गेलं. आज कुणाला आठवतं तरी का? विंडोजच्या विझार्डमध्येही (एकेक पान पुढे नेणाऱ्या डायलॉगमध्ये) नेक्स्ट बॅकच्या उजवीकडेच असतं.

खिडकीकाठ
अँड्रॉइडनं बदललं ते अख्ख्या सिस्टीमसाठी, मी तेच तर म्हणतोय! आणि विझार्डमध्ये नेक्स्टच्याही उजवीकडे कॅन्सल असतं, ते विसरू नका.

यात कष्टही फारसे नाहीत. क्यूटी या अ‍ॅप बनवायच्या साधनसंचातलं क्यूडायलॉगबटनबॉक्स (बटणांची तयार पट्टी) वापरलं की आपण बटणाची भूमिका तेवढी सांगायची: होकार, नकार, बदल टाकून देणं. प्लॅटफॉर्मनुसार क्रम ते स्वतः लावतं. वेबवर हा आधार नसतो, तिथं एक क्रम ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा. पण डेस्कटॉप अ‍ॅपला ही सबब चालणार नाही.

शेवटचीपायरी
तुम्ही दोघंही जागेवरच अडलात. खरा धोका मला विझार्डच्या शेवटी दिसतो. चार पानं नेक्स्ट, नेक्स्ट करत आलेल्या माणसासमोर पाचव्या पानावर नेमक्या त्याच जागी 'डिस्क फॉरमॅट करा' येतं. क्रम अगदी सुसंगत, आणि म्हणूनच घातक. अशा वेळी सुसंगती मुद्दाम मोडावी, ते बटण दुसरीकडे ठेवावं.

पुढचेपाऊल
दुसरीकडे हलवलं तर माणूस ते शोधत बसेल आणि घाईत भलतंच दाबेल. जागा तीच ठेवा. बटणावर नुसतं 'फिनिश' न लिहिता नेमकं काय होणार ते लिहा, आणि एंटर दाबल्यावर ते आपोआप दाबलं जाणार नाही असं करा. जाता जाता, माझंच वरचं वाक्य थोडं दुरुस्त करतो: अरबी किंवा उर्दू इंटरफेसमध्ये सगळा डायलॉग आरशासारखा उलटतो, त्यामुळे 'उजवीकडे' न म्हणता 'ओळीच्या शेवटी' म्हणायला हवं.

शेवटचीपायरी
एंटरचं मान्य. पण माउस वापरणाऱ्याचं काय? पान बदललं तरी पॉइंटर तिथंच असतो. घाईत दोनदा क्लिक झालं तर दुसरं क्लिक नव्या पानावरच्या बटणावर पडतं, लेबल वाचायला वेळच मिळत नाही. निदान त्या शेवटच्या पानावर एक चौकट टिक केल्याशिवाय बटण सुरू होऊ नये.

खिडकीकाठ
जिथं परत फिरता येत नाही अशा पानापुरती ही अट मी आनंदानं मान्य करतो. साध्या इन्स्टॉलरच्या फिनिशला मात्र नको, नाहीतर लोक ती चौकटही न वाचताच टिक करायला शिकतील. आणि क्रमाबद्दल माझं म्हणणं तेच आहे: विंडोजवर ओके डावीकडेच.