माकडहाड, अनुत्रिक आणि ‘कंबरेचा फोटो’

घसरगुंडी : पायरीवरून घसरून बसल्यासारखी आपटले. कंबरेचा फोटो काढला, नॉर्मल आला. तरी खुर्चीत टेकलं की ठणका लागतो. आता दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘कॉक्सिक्स लॅटरल, उभं व बसून’ लिहिलंय. कॉक्सिक्स म्हणजे माकडहाडच ना? मग ते आधीच्या फोटोत कसं नव्हतं? आणि यात माकड कुठून आलं?

शब्दखुळा : माकडहाडच. माकडाची शेपटी जिथून निघते, तिथलं आपलं हे उरलंसुरलं हाड. पाच मणके जुळून झालेलं ते त्रिक. त्याच्या मागून येणारं ते अनुत्रिक. यात मणके बहुधा चार, कधी तीन किंवा पाच. ग्रीकांना याचा आकार कुकू पक्ष्याच्या चोचीसारखा वाटला, त्यावरून कॉक्सिक्स. त्यांना चोच दिसली, आपल्याला शेपूट! मला आपलंच नाव जास्त पटतं.

काळी फिल्म : मी एक्स-रे काढतो. ‘कंबर’ लिहून आलं की आम्ही कंबरेचे पाच मणके धरतो, खाली त्रिकाचा वरचा भाग येतो आणि चौकट संपते. माकडहाड बाहेरच राहतं. त्यासाठी समोरून काढताना ट्यूब साधारण १० अंश पायांकडे कलवावी लागते, त्रिकासाठी १५ अंश डोक्याकडे. आतड्यातला वायू आणि मळ नेमका त्याच हाडावर येतो, म्हणून पोट साफ असलेलं बरं. लघवीलाही जाऊन या. दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

लॅटरल म्हणजे बाजूने काढलेला फोटो. तो उभं आणि बसून एवढ्यासाठी, की दोन्ही फोटो ताडून हाड किती हललं ते मोजतात. बसल्यावर २५ अंशांहून जास्त वाकलं तर ते प्रमाणाबाहेर धरतात. पडून काढलेल्या फोटोत हे कळायचं नाही. नुसतं वाकडं दिसलं म्हणून मोडलं समजू नका. कित्येकांचं मुळातच पुढे वळलेलं असतं.

शब्दखुळा : जाता जाता, ‘क्ष-किरण काढला’ म्हणू नये. किरण सोडतात, काढतात ते चित्र. १८९५ साली राँटगेनला हे किरण कसले ते उमगेना, म्हणून त्याने एक्स म्हटलं. बीजगणितातल्या अज्ञाताला आपण क्ष म्हणतो, तोच इथे आला.

काळी फिल्म : आमच्याकडे सगळे ‘फोटो’च म्हणतात. चालतं की!

घसरगुंडी : डॉक्टरांना ‘कंबर दुखते’ असं मीच सांगितलं होतं. नेमकी जागा सांगायची लाज वाटली.