बोट बुडाल्यावर आधी पोचतो तो शेजारचा होडीवाला

बचावकार्य प्रशिक्षित दलांचेच असून कोळ्यांनी त्यात पडू नये, हे काहींचे मत मला पटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, तेव्हा तिच्यावर बिनतारी यंत्रणाच नसल्याने बंदरात बातमी पोचायलाही कित्येक तास गेले. दरम्यान, मासळी विकायला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी कितीतरी बुडत्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले.

आमच्या गंगाखेडकडे समुद्र नाही, पण गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर आला की परभणीहून पथक येईपर्यंत भोई बांधवच होडी घालतात. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) अडकलेल्या माझ्या चुलत्यांना त्यांनीच सुखरूप आणले, तेही अंगावर लाइफ जॅकेट नसताना. ती जॅकेटे आणि दोर पावसाळ्यापूर्वीच त्यांच्या घरी पोचायला हवेत.